वसाहतीच्या तळ्यात मोरचूद टाकायचं का? (मुक्काम इंदूर)

रामबागकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जन्म रामबागेतला, आता मुलाकडे बायपासपलीकडच्या वसाहतीत राहतो. इथे मधोमध एक तळं आहे. पूर्वी शेत होतं, त्यातलंच हे जुनं तळं बिल्डरने शोभेसाठी ठेवलं. अर्धा एकर पसारा. कडेला गुडघाभर, मधे तीन मीटर. सरासरी दोन मीटर धरा.

पाऊस गेला, ऊन तापलं आणि पाणी हिरवं व्हायला लागलं. आता तर कोणी ऑइलपेंट ओतलाय असं दिसतं. सकाळी थर जाड असतो, दुपारी वारा सुटला की सगळा क्लब हाउसच्या कोपऱ्यात जमतो. वास तर असा की खिडक्या लावून बसायचं.

कमिटीने एक पुरवठादार गाठलाय. तो म्हणतो, "अंकल, पचास किलो नीला थोथा डलवा दो, तीन दिन में काँच जैसा पानी." नीला थोथा म्हणजे आपलं मोरचूद. तळ्याकाठी दिवाळी मिलन ठरलंय, त्यामुळे सगळ्यांना घाई. तळ्यात मासे आहेत, काही बदकं आहेत, आणि काठालगतच्या बोअरचं पाणी बागेला व दोन इमारतींना जातं.

मी निवृत्त शिक्षक, म्हणून "सर, आप बताइए" झालं. मी आयुष्यभर इतिहास शिकवला! तर मंडळी, टाकायचं की नाही?

तिरपा_डोळा | सोमवार, रात्री ९:५२

पहिला!
थर वाळवून ठेवा. रांगोळीचा हिरवा रंग विकत घ्यायला नको.

निफाडचा_द्राक्षवाला | सोमवार, रात्री १०:१५

मोरचुदाला उगाच घाबरू नका. आमच्या बागेत चुन्यात कालवून फवारतो, बोर्डो मिश्रण म्हणतात त्याला. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास सुरू झालं, अजून चालू आहे. शेततळ्यातसुद्धा गोणपाटात बांधून पाण्यात ओढत फिरवणारे लोक आहेत, शेवाळ जातं. ५० किलो मात्र जास्त वाटतात. तुमचा पुरवठादार किलोवर कमिशन घेत असेल.

सेव_परमल | सोमवार, रात्री १०:३१

सर, आपण पण बायपासवालेच. आमच्या इथे असंच झालं होतं. कमिटीने टाकून टाकलं, पाणी साफ झालं, कोणाला काही झालं नाही. इथे विचारत बसाल तर दिवाळी निघून जाईल, भिया.

गाळणी | मंगळवार, सकाळी ७:०५

रामबागकर सर, माझी नोकरी ग्वाल्हेरला पाण्याच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे आधी हिशेब.

अर्धा एकर म्हणजे दोन हजार चौरस मीटर. गुणिले दोन मीटर, झालं ४० लाख लिटर. त्यात ५० किलो मोरचूद म्हणजे लिटरला साडेबारा मिलिग्रॅम. मोरचुदात तांबं पाव हिस्सा, म्हणजे नुसतं तांबंच लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) तांब्याची मर्यादा ०.०५, आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. माशांना तर याहून कितीतरी कमी पुरतं. पुस्तकातली मात्रा लिटरला १ मिलिग्रॅम मोरचुदाच्या आसपास असते. पूर्ण तळं धरलं तरी चार किलो. तेही एकदम नाही. अर्धं तळं आज, उरलेलं आठ-दहा दिवसांनी. कारण शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात.

दुसरं, आपल्या माळव्याच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात. अशा पाण्यात तांबं फार वेळ विरघळलेलं राहत नाही, कार्बोनेट होऊन तळाशी बसतं. मग परिणाम दिसला नाही म्हणून लोक अजून टाकतात. पुरवठादाराचे ५० किलो बहुधा तिथूनच आले असणार.

पद्धत जुनीच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी १९०४ मध्ये पाणीपुरवठ्याच्या तलावांसाठी ती मांडली. स्वस्त आणि झटपट, म्हणून टिकली. पण तुमच्याकडे मात्रेपेक्षा वेळेचा घोळ मोठा आहे. ऑइलपेंटसारखा थर म्हणताय, तो साध्या शेवाळाचा नसावा, सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे शेवाळासारख्या दिसणाऱ्या जीवाणूंचा असावा. त्यातल्या काही जाती विष तयार करतात आणि ते बरंचसं पेशीच्या आतच साठलेलं असतं. मोरचुदाने पेशी फुटते, आतलं सगळं पाण्यात उतरतं. तिसऱ्या दिवशी पाणी काचेसारखं होतं हे खरं आहे. त्याच दिवशी ते सगळ्यात घातक असू शकतं.

तिरपा_डोळा | मंगळवार, सकाळी ७:२०

गाळणीताईंनी धाग्याचं पाणी एकदम नितळ केलं. विषारी नसावं ही अपेक्षा.

ब्रिस्बेनवासी | मंगळवार, सकाळी ८:४८

गाळणी यांनी शेवटी लिहिलंय तेच आमच्या राज्यात घडलेलं आहे. १९७९ साली, क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळच्या पाम आयलंडवर. आदिवासी वस्तीचं बेट. सॉलोमन धरणाच्या पाण्याला वास आणि चव येते अशी तक्रार झाली, म्हणून शेवाळ मारायला त्यात मोरचूद टाकलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत माणसं आजारी पडायला लागली: उलट्या, यकृत सुजलेलं, पुढे रक्ताचे जुलाब. एकूण १४८ जण, जवळपास सगळी मुलंच. दुसऱ्या ठिकाणचं पाणी पिणारी घरं मात्र ठणठणीत.

बरेच दिवस कारणच कळेना. 'पाम आयलंडचा गूढ आजार' असंच नाव पडलं. मग संशय त्या धरणातल्या सायनोबॅक्टेरियावर गेला आणि १९९२ मध्ये विष वेगळं काढून ओळखलं, सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन. आता इथे पाणीपुरवठ्यातल्या माणसांना ही गोष्ट प्रशिक्षणातच सांगतात.

सेव_परमल | मंगळवार, सकाळी ९:३०

म्हणजे आम्ही वाचलो ते नशिबाने असं म्हणायचं का? आमच्या तळ्याचं पाणी कोणी पीत नव्हतं. सरांच्याकडे पण तळ्याचं कोण पितंय? घरात नर्मदा येते.

रामबागकर | मंगळवार, सकाळी ९:५५

सेव_परमल, नर्मदा येते, पण दोन इमारतींना पुरत नाही म्हणून बोअरचं पाणी टाकीत मिसळतात. बोअर तळ्यापासून दहा-बारा पावलांवर आहे. काल हे लिहिताना साधं वाटलं होतं, आता नाही वाटत.

ओहायोची_काकू | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

इथे सकाळ आहे, चहा घेता घेता सगळं वाचलं. आम्ही टोलेडोला राहतो. २०१४ च्या ऑगस्टमधला तो शनिवार. पहाटेच नोटीस निघाली: नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. लेक एरीमधला, म्हणजे आमच्या पिण्याच्या तलावातला सायनोबॅक्टेरियाचा थर पाणी उचलतात तिथेच येऊन बसला होता. जवळपास पाच लाख माणसांचं पाणी सोमवार सकाळपर्यंत बंद.

उकळायचं नाही हे कोणाला पटेना. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. त्या म्हणाल्या, "वीस मिनिटं खळखळून उकळलं तर कुठला जंतू राहतो?" पण त्या थरातलं विष, मायक्रोसिस्टिन, हा जंतू नाही, रसायन आहे. उकळून ते जात नाही. पाण्याची वाफ होते, विष मागे राहतं, म्हणजे उलट घट्टच होतं. दुकानांतल्या बाटल्या सकाळीच संपल्या होत्या, लोक शेजारच्या मिशिगनमध्ये जाऊन पाणी आणत होते. आमच्याकडे दोन दिवस ब्रेड आणि चिवडा.

मागचा_बाक | मंगळवार, रात्री ८:२२

वनस्पतीशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं शेवाळाच्या बाजूने बोलतो. सगळे सायनोबॅक्टेरिया वाईट नाहीत. भातखाचरात नत्र बांधतात ते हेच, पी. के. डे यांनी १९३९ मध्ये ते दाखवलं. लोक स्पिरुलिनाच्या गोळ्या खातात, तेही यांच्याच कुळातलं. नुसत्या डोळ्यांनी विषारी आणि बिनविषारी सांगता येत नाही. एकाच जातीत दोन्ही प्रकार निघतात.

निदान साधं शेवाळ की सायनो, एवढं घरी कळतं. एक काडी पाण्यातून फिरवा. केसांसारखे हिरवे धागे लोंबले तर साधं शेवाळ. रंगात बुडवून काढल्यासारखी निघाली तर सायनोचा संशय. दुसरी परीक्षा: काचेच्या बरणीत पाऊण भाग पाणी घ्या, झाकण घट्ट न लावता रात्रभर फ्रीजमध्ये न हलवता ठेवा. हिरवं तळाशी बसलं तर बहुतेक साधं. वर जमून कडं धरलं तर सायनो, कारण त्यांच्या पेशीत हवेच्या बारीक पिशव्या असतात. सकाळी थर जाड दिसतो तो याच पिशव्यांमुळे. रात्री वारा पडतो, पाणी स्थिर होतं आणि हे तरंगत वर येतात. आणि हो, हातमोजे घालूनच.

त्या वासाबद्दल. यातल्या बऱ्याच जाती जिऑस्मिन सोडतात. पहिल्या पावसात मातीला येतो तो सुगंध त्याचाच! लिटरला काही नॅनोग्रॅम असलं तरी आपल्या नाकाला कळतं. पेल्यात आलं की मात्र कोणी कविता करत नाही.

तिरपा_डोळा | मंगळवार, रात्री ८:३०

मृद्गंध बाटलीत भरून विका. कनौजवाले विकतातच.

जीवाणू_जिंदाबाद | मंगळवार, रात्री ९:०५

रसायनाचा हट्टच कशाला? ईएम द्रावण आणा, गूळ घालून आठवडाभर मुरवा आणि तळ्यात सोडा. चांगले जीवाणू वाईट जीवाणूंना खातात. निसर्ग सगळं सांभाळतो.

गाळणी | मंगळवार, रात्री ९:४०

जीवाणू_जिंदाबाद, गुळाचं पाणी सोडायचं, तेही ऑक्सिजनचे आधीच वांधे असलेल्या तळ्यात? तळं निसर्गानेच हिरवं केलंय हो. जेवायला मिळतंय म्हणून ते वाढतंय.

रसायनांचंच बोलायचं तर मोरचूद सोडून दोन-तीन गोष्टी आहेत. एक हायड्रोजन पेरॉक्साइड. नेदरलँड्समध्ये २००९ साली एका अख्ख्या तळ्यावर करून पाहिलं, लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास. सायनो काही दिवसांत कोसळले, बाकीचे सूक्ष्म जीव बऱ्यापैकी टिकले. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतं, तांब्यासारखं तळाशी साठत नाही. पण मात्रा पुढे गेली की तळ्यातले बारीक प्राणीही मरतात, आणि हेच प्राणी शेवाळ खातात. तुमच्यासारखा दाट थर असेल तर तो थरच सगळं पेरॉक्साइड पिऊन टाकतो. ५० टक्क्यांचं द्रावण कातडी भाजतं. माळ्याच्या हातात बादली देऊन करायचं काम नाही हे. आणि पेशी यानेही फुटतातच, त्यामुळे बोअरची काळजी तशीच राहते.

दुसरी तुरटी. ती शेवाळ मारत नाही. पाण्यातला फॉस्फरस धरून तळाशी नेते, म्हणजे त्याचं जेवण काढून घेते. तरंगणारा थर तिने बसेल अशी आशा करू नका. तिसरी लँथेनम हा धातू मिसळलेली बेंटोनाइट माती, ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात काढलेली. तीही फॉस्फरसच धरते. छान आहे, महाग आहे.

आता माझा एकच प्रश्न. या तळ्यात पाणी कुठून येतं?

मागचा_बाक | मंगळवार, रात्री १०:०२

गाळणीताई, हाच प्रश्न. कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. एका बाजूला कार्बन आणि नत्र टाकलं, दुसऱ्या बाजूला तेच अधिक फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. वरून काढलेला तो फोटो आमच्या वर्गात दाखवला की पोरांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

रामबागकर | बुधवार, दुपारी १२:१५

सकाळी माळ्याबरोबर तळ्याभोवती चक्कर मारली. पाऊस सोडला तर वर्षभर पाणी येतं ते वसाहतीच्या एसटीपीचं, सांडपाणी शुद्ध करून. कमिटीला त्याचा अभिमान आहे, आत येताच बोर्ड लावलाय: "झीरो वेस्ट तालाब". शिवाय लॉनला महिन्याला डीएपी (फॉस्फरसवालं खत) पडतं आणि लॉनचा उतार तळ्याकडे.

एसटीपीवाल्या मुलाने रिपोर्ट दाखवला. बीओडी (पाण्यात कुजणारी घाण किती, त्याचं माप) वगैरे उत्तम. फॉस्फेटचा रकानाच नाही.

गाळणी | बुधवार, दुपारी १२:४०

सापडलं. साध्या एसटीपीत घाण कुजवून काढतात, त्यात बीओडी उतरतो. फॉस्फरस काढायला वेगळी सोय लागते, ती नसेल तर त्यातला बराचसा तसाच पुढे जातो. म्हणजे अख्ख्या वसाहतीचं शौचालय, साबण आणि भांड्यांचं खरकटं रोज पाइपाने तळ्याला जेवू घालतंय. वर डीएपी, म्हणजे त्यावर तूप. यात मोरचूद टाकलं तर आजचं पीक मरेल आणि त्याचंच खत होऊन पुढचं उगवेल.

निफाडचा_द्राक्षवाला | बुधवार, दुपारी १:३०

डीएपी तळ्यात घालणारी माणसं पहिल्यांदा पाहिली. आमच्याकडे एक एक गोणीसाठी रांग लावतो हो आम्ही.

सेव_परमल | बुधवार, दुपारी २:०५

सगळं बरोबर, पण फॉस्फरस बंद केला तर तळं दिवाळीपर्यंत साफ होईल का? नाही ना? कमिटीला ते पाहिजे. तुम्ही लोक पुस्तकाचं बोलून राहिले, सरांना रविवारी मीटिंगमध्ये उत्तर द्यायचंय.

तिरपा_डोळा | बुधवार, दुपारी २:११

सेव_परमल यांच्याशी प्रथमच सहमत. तारीख नोंदवून ठेवा.

ओहायोची_काकू | बुधवार, संध्याकाळी ५:५०

अवांतर: विसर्जन पण याच तळ्यात होतं का? पुण्याची बहीण सांगत होती, तिथे प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती घरी बादलीत अमोनियम बायकार्बोनेटने विरघळवतात.

गाळणी | बुधवार, संध्याकाळी ६:३०

काकू, बरोबर, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची पद्धत आहे ती. पण त्यातून अमोनियम सल्फेट होतं, म्हणजे खतच. ते पाणी झाडांना घालायचं. तळ्यात ओतलं तर पुन्हा मेजवानी.

सेव_परमल, दिवाळीपर्यंत होणार नाही, हे खरंच आहे. तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस पुढची काही वर्षं वर येत राहील. तेव्हा रविवारी करण्याजोगं सांगते. बोअरचं पाणी टाकीत मिसळणं आजच बंद, टँकर मागवा. काठाला दोरी, मुलं आणि कुत्री लांब. कुत्री तोंड लावतात, अंगावरचा थर चाटतात आणि मरतात, हे जगभर झालेलं आहे. वारा ज्या कोपऱ्यात थर आणतो तिथून तो जाळीने किंवा पंपाने उचला आणि वाळवून लांब पुरा, लॉनवर नको. एसटीपीचं पाणी तळ्याऐवजी लॉनला, आणि डीएपी बंद. त्या पाण्यात लॉनपुरतं खत आहेच. पहाटे ऑक्सिजन पडतो, तेव्हा एरेटर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) चालवा, मासे तरी वाचतील.

आणि दिवाळी मिलन गच्चीवर घ्या.

निफाडचा_द्राक्षवाला | बुधवार, रात्री ८:१५

ताई, एक शंका. आत्ता नको हे पटलं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणी नुसतं हिरवट व्हायला लागलं असताना, थोडं थोडं मोरचूद टाकलं तर? तेव्हा पेशीच कमी, तर विषही कमी सुटेल. आम्ही बागेत रोग दिसायच्या आधीच फवारतो.

गाळणी | बुधवार, रात्री ८:५०

द्राक्षवाले, तुमचं चुकत नाही. वापरायचंच असेल तर वेळ तीच, आणि जिथे पाण्याची नीट तपासणी होते तिथे तसं वापरतातही. पण दरवर्षी करायचं ठरलं की तांबं गाळात साठतं, ते कुठे जात नाही. मिनेसोटात फेअरमाँटची तळी आहेत, तिथे ५८ वर्षं मोरचूद टाकत राहिले. १९८४ मध्ये त्याचा लेखाजोखा छापून आला: गाळात तांबं, मासे मेलेले, आणि तांब्याला दाद न देणाऱ्या सायनोंची भर. पुढे गाळ काढायची वेळ आली तर तो गाळ शेतकरीसुद्धा घेणार नाही.

रामबागकर | रविवार, रात्री ९:२०

मीटिंग झाली. पुरवठादार स्वतः आला होता. मी ताईंचा हिशेब फळ्यावर मांडला तर म्हणाला, "ठीक है सर, पच्चीस कर देते हैं." मी लगेच अर्धं केलं: तांबं १.६, तरीही मर्यादेच्या वर. तेवढ्यात पाम आयलंडची गोष्ट सांगितली आणि बोअर ज्यांच्या टाकीत मिसळतो त्या दोन इमारतींतली माणसं उठून उभी राहिली. त्यापुढे रसायनशास्त्राची गरज पडली नाही.

ठरलं असं: मोरचूद नाही, बोअर बंद, एसटीपीचं पाणी लॉनला. एरेटरचा खर्च पुढच्या मीटिंगला, त्यावर भांडण होणारच. अध्यक्ष रागावलेत, कारण बोर्ड उतरवावा लागणार. सेव_परमल, गच्चीवरच्या दिवाळी मिलनाला तुम्हीही या, पोहे-जलेबी आहे.

पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा आहे. कसा घ्यायचा?

गाळणी | रविवार, रात्री ९:४५

दोन बाटल्या. एक थर जमतो त्या कोपऱ्यातली, एक तळ्याच्या मधली, कोपरभर खोलीची. गडद काचेच्या घ्या, नाहीतर वर्तमानपत्र गुंडाळा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. मायक्रोसिस्टिन आणि एकूण फॉस्फरस दोन्ही लिहून मागा, नुसतं 'पाणी तपासणी' म्हटलं तर पीएच आणि क्षार सांगून परत पाठवतील. मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची कायमची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे, थोड्या दिवसांपुरती १२. बोअरची तिसरी बाटली विसरू नका.

मागचा_बाक | रविवार, रात्री १०:०१

आणि सर, बरणीची परीक्षा केलीत का?

रामबागकर | रविवार, रात्री १०:०८

केली. सगळं वर आलं, दोन बोटं जाड कडं. बरणी अजून फ्रीजमध्येच आहे.

तिरपा_डोळा | रविवार, रात्री १०:१०

सर, तिच्यावर चिठ्ठी लावा हो. पाहुण्यांचे दिवस आहेत, कोणीतरी खसचं सरबत समजेल.